टेकवा, दाबू नका

यंत्रावर बोट ठेवायची वेळ आली की मागून एक आवाज येतो, "टेकवा, दाबू नका." तुम्ही तो ऐकलेला आहे. रेशन दुकानात ऐकला असेल, सेतू केंद्रात, आधारच्या रांगेत, नाहीतर सिमकार्ड घेताना. हा आवाज ज्याचा असतो तो माणूस तिथं नोकरीला नसतो, त्याचं तिथं काही काम नसतं आणि त्याला कुणी बोलावलेलंही नसतं. पण यंत्राची काच आणि आपला अंगठा यांच्यामधली बोटभर जागा आपल्या नावावर आहे अशा थाटात तो उभा असतो. सातबाऱ्यावर नोंद व्हायची तेवढी राहिलेली.

जालन्यात आमच्या वाट्याला आलेल्या या माणसाला दाजी म्हणतात.

दाजी मूळचे मंठा तालुक्यातले. आमच्या कादराबादच्या गल्लीतली आक्का त्यांना दिलेली. लग्नानंतर काही वर्षांनी ते बायको, एक ट्रंक आणि शाईचा टिनचा डबा घेऊन सासुरवाडीला आले ते इथलेच झाले. जावई दोन दिवसांसाठी आला तर पुरण शिजतं, दोन महिने राहिला तर पिठलं, आणि वर्षानुवर्षं राहिला तर तो साऱ्या गल्लीचा होतो. लहानथोर सगळे त्यांना दाजीच म्हणतात. माझे वडीलसुद्धा म्हणायचे. आणि दाजींच्या लेखी गल्लीतला प्रत्येक पुरुष 'मेव्हणे'. या नात्यात एक मोठी गैरसोय आहे. जावयाला तोंडावर 'गप बसा' म्हणता येत नाही. दाजींची हयात या एका सवलतीवर निघाली.

दाजी राम राम घालत नाहीत. समोरच्याचा हात हातात घेतात, उताणा करतात आणि उजेडाला धरतात. नवख्याला वाटतं, हात बघणारे दिसतात. तो आशेनं विचारतो, "पोराच्या नोकरीचं काही दिसतंय का?" दाजी धनरेषेकडं, आयुष्यरेषेकडं ढुंकूनही बघत नाहीत. त्यांचं काम बोटांच्या टोकांशी. "चार शंख, एक चक्र. डाव्या हाताचं सांगतोय. अंगठा चांगलाय, करंगळी गेली. विळा लागला होता का?" विळा लागलेला असतो. माणूस चाट पडतो आणि दाजींची पकड घट्ट होते. गांधी चमनजवळ ते लांबून दिसले की मी दोन्ही हात खिशात घालतो. त्याचाही उपयोग होत नाही. ते मनगट धरून हात खिशातून बाहेर काढतात.

शंख-चक्र आपल्याकडं आज्याही मोजायच्या. दहाही चक्र म्हणजे राजयोग, असं काहीतरी. ठसेतज्ज्ञांची पहिली वाटणी तरी याहून फार वेगळी कुठं असते? शंभर ठसे घेतले तर साठ-पासष्ट शंख, तिसेक चक्र आणि उरलेल्या चार-पाच कमानी. दाजींना हे आकडे कुणी शिकवले नाहीत. लोकांचे हात ओढून ओढून त्यांना ते कळलेले आहेत. त्यावर त्यांचं स्वतंत्र तत्त्वज्ञानही आहे. "मेव्हणे, सटवाई पाचवीला येती. बोटावरचं लिहिणं आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच सुरू होतंय. मग ती कपाळावर नवीन काय लिहिती?" मी मास्तरकीत जन्म घालवला, पण या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही.

माझ्या पुतण्याला लायसन काढायचं होतं तेव्हाची गोष्ट. कागदी पुस्तिका जाऊन चिपवालं कार्ड आलेलं. आरटीओत जाऊन खुर्चीवर बसायचं, कॅमेऱ्याकडं बघायचं, सही करायची आणि काचेवर अंगठा ठेवायचा. पोराला धास्ती होती ती गाडी चालवून दाखवायची. दाजींनी ती धास्ती एका वाक्यात बाजूला सारली. "आठचा आकडा गाढवबी काढील. अंगठ्याचं काय?" आणि त्यांनी त्याला पथ्यावर ठेवलं. कांदा चिरायचा नाही. क्रिकेटच्या चेंडूला हात लावायचा नाही. निजताना खोबरेल, सकाळी कोमट पाणी, कपड्याचा साबण वर्ज्य. रोज दिवेलागणीला येऊन ते अंगठ्याची तपासणी करत. अशाच एका तपासणीत त्यांनी डोळे बारीक केले आणि भरल्या घरात, माझ्या थोरल्या भावासमोर, जाहीर केलं, "ह्याच्या उजव्या अंगठ्याला चुना खातोय. डाव्या तळव्यावर मळतो, उजव्यानं घासतो." पोराच्या तंबाखूची तोवर घरात कुणाला खबर नव्हती. त्या संध्याकाळी त्याला मिळालेल्या प्रसादापुढं लायसनची फी काहीच नव्हती.

आरटीओत जायच्या दिवशी दाजी बिनबोलावता माझ्या स्कूटरवर मागं बसले. रांगेत उभ्या उभ्या त्यांनी पुढच्या-मागच्यांचे हात बघून घेतले. एका रिक्षावाल्याच्या तर्जनीवर कमान निघाली. दाजींना इतका आनंद झाला की त्यांनी ते बोट साऱ्या रांगेला फिरून दाखवलं. बोटाबरोबर रिक्षावाल्यालाही फिरावं लागलं आणि त्याचा नंबर गेला. आत काउंटरवरच्या मुलीनं शांतपणे विचारलं, "काका, तुमचा अर्ज?" अर्ज नव्हता. दाजी बाहेर गेले आणि खिडकीच्या गजांना धरून उभे राहिले. पुतण्यानं अंगठा पुढं केला तसा बाहेरून खणखणीत आवाज आला, "टेकवा! दाबू नका!"

अंगठा पहिल्या झटक्यात उमटला. पण मागच्या मैदानात एक गृहस्थ चारचाकीची चाचणी देत होते. वळणावर त्यांचा पाय ब्रेककडं जातोय आणि तेवढ्यात ही सूचना. सरकारी माणूसच ओरडला असणार, या समजुतीनं त्यांनी ब्रेक दाबला नाही, नुसता टेकवला. गाडी अगदी सावकाश गेली आणि समोरच्या ड्रमला टेकली. तीही दाबली नाही.

पुढं २०१९ साली केंद्र सरकारनं व्यावसायिक गाडीच्या लायसनसाठी असलेली आठवी पासाची अट काढून टाकली तेव्हा दाजींनी गल्लीत पेढे वाटले. "अंगठ्याला न्याय मिळाला," म्हणाले. स्वतः दाजी दहावी झालेले, गाडी त्यांना कुठलीच येत नाही, त्यामुळं न्याय नक्की कुणाला मिळाला ते समजलं नाही. पेढे मात्र चांगले होते. दोन वर्षांनी शिकाऊ लायसन आधारवरून घरबसल्या मिळायला लागलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं आक्का सांगते. पुढं पुढं त्यांचं एकच पालुपद, "घरी बसून लायसन? मग माणूस खरा कशावरून?"

एकदा एखाद्या माणसाला एक वाक्य सापडलं की ते कुठं वापरायचं नाही हे त्याला कळत नाही. दाजी राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेले तर पायरीवर कपाळ ठेवणाऱ्याला सांगतात, टेकवा, दाबू नका. सरकारी दवाखान्यात सुई टोचणाऱ्या सिस्टरला सांगतात. आंबे बघणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगतात, आणि त्याबद्दल मात्र फळवाला त्यांना चहा पाजतो. एका निवडणुकीत ते कुणाचे तरी पोलिंग एजंट होऊन केंद्रात बसले. एक म्हातारी मत द्यायला आली. दाजींनी सवयीनं कानमंत्र दिला. मतदान यंत्राचं बटण हे जगातलं असं एकमेव ठिकाण असावं की जिथं टेकवून भागत नाही. म्हातारी आड जाऊन बराच वेळ बटणाला बोट टेकवून उभी. शिट्टी काही वाजेना. बाहेर रांग वाढलेली. शेवटी केंद्राध्यक्षांनी दाजींची रवानगी बाहेर केली. जाताना ते स्वतःच्या बोटावरची शाई बघत होते. म्हैसूरच्या कारखान्यात होणारी ही न पुसली जाणारी शाई त्यांचं दैवत आहे. तिच्याबद्दल बोलताना ते आवाज खाली घेतात.

लग्नाघरी तर त्यांना बोलावूच नये, पण जावयाला कसं टाळणार? माझ्या भाचीच्या लग्नात मेंदीवाली नक्षी काढत काढत बोटांच्या टोकांना आली आणि दाजी धावले. "पेरं मोकळी सोडा! मेंदी बसली की अंगठा येत नाही. सासरच्या रेशनकार्डात नाव घालायचंय का नाही?" मेंदीवाली थांबली. नवरीची आई, म्हणजे माझी बहीण, रागानं लाल झाली. तिच्या लेकीच्या मंगल हातांत ह्या माणसाला गहू-तांदूळ दिसत होते. भाचीनं मात्र मुकाट्यानं अंगठे कोरे ठेवून घेतले. ती बँकेत आहे. तिला रोज लोकांचे अंगठे घ्यावे लागतात.

हे सगळं वेड आलं कुठून, हे त्या टिनच्या डब्यात आहे.

तरुणपणी दाजी एका तालुक्याच्या गावी रजिस्ट्री ऑफिसबाहेर एका बाँडरायटरच्या हाताखाली होते. मालक खरेदीखत लिहायचा आणि दाजी अंगठे घ्यायचे. एवढंच काम. पण त्या कामाविषयी दाजी बोलायला लागले की मीसुद्धा ऐकत बसतो, हे त्यांना कळू देत नाही ते सोडा. आधी अंगठा कोरड्या फडक्यानं पुसायचा. घाम असला तर शाई फुटते, माती असली तर रेघा बुजतात. पॅडवर शाई जास्त झाली तर कागदावर काळा गोळा, कमी झाली तर अर्धी चंद्रकोर. मग डावा अंगठा धरून नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवायचा, झोपलेलं लेकरू कूस बदलतं तसा, आणि सरळ वर उचलायचा. तिरका उचलला की ठसा फरफटला. शेजारी मालकानं लिहायचं, निशाणी डावा अंगठा, अमुक अमुक यांची, आणि खाली ज्याच्या हातचं लिखाण त्याचा दस्तुर. कागद वाळेपर्यंत कुणी बोलायचं नाही. चार एकर जमीन एका घरातून दुसऱ्या घरात जायला तेवढाच वेळ लागायचा.

आणि मग ती शाई पुसायची कुठं? कुणी डोक्याच्या केसांत, कुणी धोतराच्या आतल्या सोग्याला, बाकी सगळे ऑफिसच्या व्हरांड्यातल्या खांबाला. दाजींच्या म्हणण्याप्रमाणं तो खांब कमरेपासून खांद्यापर्यंत जांभळा होता. पाऊस नाही झाला की खांबाचा रंग गडद व्हायचा. दुष्काळाचं साल ओळखायला त्यांना कधी आणेवारी बघावी लागली नाही.

मी एकदा त्यांना या विद्येचा इतिहास सांगायला बसलो. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा गोरा अधिकारी होता. रस्त्याच्या खडीचा ठेका त्यानं राज्यधर कोनाई नावाच्या माणसाला दिला आणि उद्या हा शब्द फिरवेल या भीतीनं करारावर त्याचा अख्खा पंजाच शाईत बुडवून उमटवून घेतला. दाजींनी कपाळावर हात मारला. "अख्खा पंजा? शाई किती वाया गेली!" मग १८९७ साली कलकत्त्यात जगातलं पहिलं ठसे कार्यालय निघालं. ठशांची वर्गवारी एडवर्ड हेन्रीच्या नावानं जगभर गेली, पण एक हजार चोवीस खणांचं ते सगळं गणित बसवलं होतं अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या त्याच्या हाताखालच्या दोन एतद्देशीयांनी. यावर मात्र दाजी चकित झाले नाहीत. "सही साहेबाचीच असती, मेव्हणे. अंगठा घेणाऱ्याचं नाव खताच्या कुठल्या पानावर असतंय?" आणि २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, हे ऐकून ते दुखावले. खाल्ल्या मिठाला जागून त्यांनी जालन्याची बाजू घेतली. बियाणं आमचं, लोखंड आमचं, मोसंबी आमची, आणि पहिला अंगठा नंदुरबारचा कामून?

शाईचा जमाना संपला तो एका दिवसात नाही. २००१ साली नोंदणी कायद्यात कलम ३२ अ आलं, खरेदीखतावर दोन्ही बाजूंचे फोटो आणि बोटांचे ठसे सक्तीचे झाले. शिकलेला असो की अडाणी, सही येवो न येवो, अंगठा सगळ्यांना. दाजींना वाटलं, आता आपले दिवस आले. आले ते यंत्राचे. जालना आणि बदनापूर तालुक्यांतून समृद्धी महामार्गाच्या खरेद्या झाल्या तेव्हा ते रोज पेपर वाचून उसासे टाकत. एवढ्या जमिनी गेल्या आणि शाईचा थेंब नाही लागला!

पण दाजींनी ते काम शाई जायच्या कितीतरी आधीच सोडलं होतं. ते का सोडलं, हे मला ठाऊक नव्हतं. कळलं ते मी आक्काकडं तक्रार घेऊन गेलो तेव्हा. दाजींनी आदल्या दिवशी आमच्याकडं आलेल्या पाहुण्यांचे हात दारातच धरून ठेवले होते आणि मला आता खरोखरच नको झालं होतं. आक्का सुपात तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आवरू कुठं त्यांना? आवरायचे दिवस होते तेव्हा मीबी होते की गप."

मग तिनं सांगितलं. संध्याकाळची वेळ, ऑफिस बंद व्हायला थोडाच अवकाश. एका जीपमधून चार माणसं एका म्हाताऱ्याला घेऊन आली. विहिरीखालची जमीन, खरेदीखत लिहून तयार. म्हातारा ओट्यावर टेकवून बसवलेला, डोळे अर्धे मिटलेले, तोंडातून लाळ. पोरानं बापाचं मनगट धरून हात पुढं केला. दाजींनी फडक्यानं अंगठा पुसला, शाई लावली, कागद सरकवला आणि म्हणाले, "बाबा, टेकवा." म्हातारा हलला नाही. पुन्हा म्हणाले. पोरगा म्हणाला, "दाबा ना तुम्ही." दाजी म्हणाले, "मी शाई लावतो. टेकवायचं त्यांनी." मालकानं डोळे वटारले. जीपवाल्यानं खिशात हात घातला. दाजींनी डब्याचं झाकण लावलं, डबा काखेत मारला आणि घरी आले. मालकानं सांगितलं, उद्यापासून येऊ नको. गावात दुसरा कुणी ठेवून घेईना.

"मग ती खरेदी?" मी विचारलं.

"झाली की. दुसऱ्या बाँडरायटरकडं. दाबणारा कुठंबी मिळतोय." तिनं सुपाला एक झटका दिला. "शहाणपण त्यांनी केलं, बोटं माझी गेली."

बोटं गेली ती बियाण्याच्या प्लॉटवर. जालना जिल्हा देशभर बियाण्यासाठी ओळखला जातो. इथल्याच बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे आपण अभिमानानं सांगतो आणि सांगावंही. पण संकरित कपाशीचं बी कंपनीत होत नाही, शेतात होतं, आणि ते बायकांच्या अंगठ्यानं होतं. उद्या उमलणारी कळी आज दुपारी धरायची, अंगठ्याच्या नखानं तिच्या पाकळ्या आणि आतले पुंकेसर सोलून काढायचे, मधली नाजूक काडी दुखवायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. एका दिवसात शेकडो कळ्या, सारा हंगाम. क्रॉसिंग म्हणतात त्याला. हंगाम सरला की वेचणी. बोंडाची टोकं बोटं चिरत राहतात. सासुरवाडीला आल्यावर दाजी गावभर सल्ले देत हिंडले आणि घर आक्काच्या दोन अंगठ्यांवर चाललं.

रेशन दुकानात अंगठ्याचं यंत्र आलं तेव्हा तिचं एकही बोट उमटलं नाही. दाजींची दहाही उमटली. उमटणारच, कुठं झिजली होती ती? कार्डावरच्या कुणा एकाचा अंगठा चालतो, तेव्हा धान्य दाजींच्या अंगठ्यावर यायला लागलं. आक्का म्हणते, एवढ्या संसारात त्यांनी घरात आणलेली ही पहिली वस्तू.

मग अलीकडं प्रत्येकाची वेगळी ई-केवायसी करायचं फर्मान निघालं आणि दाजी खऱ्या अर्थानं कामाला लागले. दुकानाच्या ओट्यावर त्यांचा मुक्काम पडला. रोलिंग मिलमध्ये सळया ओढणारे, ऊसतोडीहून परतलेले, भांडी घासणाऱ्या, विटा थापणाऱ्या अशा सगळ्यांची बोटं ते एकेक करून काचेवर लावून बघत. कपाळावर घासा, केसांतून फिरवा म्हणजे तेल लागेल. लिंबाची फोड चोळा. पदराला पुसा. अंगठा नको, मधलं बोट लावा. मधल्या बोटाला काम कमी. दुकानदार वैतागायचा, पण ते उठल्यावर रांग दुप्पट वेळ घ्यायची, त्यामुळं तोही गप्प. आणि दर माणसामागं तेच वाक्य. त्या वाक्यात शास्त्र आहे, हे मला नाइलाजानं मान्य करावं लागतं. काचेखालून उजेड पडतो, रेघांची जी उंची काचेला लागते तेवढीच यंत्राला दिसते. बोट जोरानं दाबलं की रेघा पसरून एकमेकींत मिसळतात आणि मधल्या चरी बुजतात. घाबरलेला माणूस हमखास दाबतो.

एवढ्या लोकांवर हात बसवून ते रोज संध्याकाळी घरी जात आणि आक्काची बोटं घेऊन बसत. कोमट पाण्यात बुडव, तूप चोळ, कापडात गुंडाळ. ती म्हणायची, "आता काय उगवून येणारेत का?" तरी बसायची. दुकानात तिला घेऊन गेले की यंत्र लाल व्हायचं. दाजी एका शब्दानं यंत्राला बोलत नसत. दुसऱ्यांच्या वेळी ते यंत्राचा उद्धार करतात.

हे कळल्यावर मी दाजींशी नीट वागायचं ठरवलं. समोरून आले तर हात आपण होऊन पुढं केला. त्यांनी तो उजेडाला धरला आणि चारचौघांत म्हणाले, "मेव्हणे, निवृत्त झाल्यापासून बोटं फारच मऊ झालीत. घरी भांडी घासत जा." तेव्हा ते जाऊ द्या.

शेवटी आक्काची ई-केवायसी झाली ती बोटानं नाहीच. 'मेरा ई-केवायसी' नावाचं ॲप आलं, त्यात मोबाइलसमोर चेहरा धरायचा आणि सांगितल्यावर पापण्या मिटायच्या. दुकानदाराच्या पोरानं तिला खुर्चीवर बसवलं. दाजींना या नव्या विद्येचा गंध नव्हता, पण तेवढ्यावर ते मागं राहणारे नव्हेत. ते तिच्या खांद्यावरून वाकले. पदर मागं घे, हनुवटी वर, कुंकू नीट कर, हसू नको, रडकंबी दिसू नको, आता मिट, मिट म्हणतो ना! मोबाइलला एकाच्या जागी दोन तोंडं दिसली आणि तो अडून बसला. पोरगा म्हणाला, "दाजी, जरा सरका." दाजी तसूभर सरकले आणि दुसऱ्या खांद्यावरून आले. पुन्हा तेच.

आक्कानं वळून बघितलं. "जन्मभर लोकांच्या कामात तोंड घातलं," ती म्हणाली, "आता माझ्या तोंडात तरी घालू नका."

सगळी रांग हसली. दाजीही हसले, ओट्याच्या टोकाला जाऊन उभे राहिले, आणि तिथं बसलेल्या एका पांढऱ्या मिशीवाल्या बाबांची हनुवटी धरून त्यांनी ती उजेडाकडं वळवली.